बाबूजी आणि आमचे अण्णा

आमचे अण्णा पिंपरीला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. तीस वर्षांत पत्र्याबरोबर त्यांचे कानही ठोकले गेले. ‘चहा घेता का?’ विचारलं, तर ‘नको, सकाळीच केली दाढी’ असं उत्तर यायचं. पण पुण्यात सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ म्हटलं, की पहिल्या रांगेचं तिकीट हवंच! “ऐकू येत नाही, मग पैसे कशाला घालवता?” असं आई म्हणे. सुदैवानं तेही ऐकू येत नसे.

1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवं गीत लागे. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. ती छप्पन्नही गीतं अण्णांनी शेजाऱ्यांच्या रेडिओवर, धडधाकट कानांनी, पाठ केलेली.

एकदा मी ओरडून विचारलंच. म्हणाले, “अरे, बाबूजींचा शब्द इतका स्वच्छ, की ओठांवर दिसतो!”

कार्यक्रमात अण्णा गुणगुणत. म्हणजे, ते गुणगुणणं आहे असं त्यांना वाटे. मागून ‘शूऽऽ’ येई. मी मागे वळून हात जोडत असे.

2002 साली बाबूजी गेले. मी पाटीवर लिहून दाखवलं. अण्णांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “रेडिओ बंद कर.”

रेडिओ बंदच होता.