पिकअप उंच केली आणि परत खाली आणली



पेरण्या आटोपल्या, पांदणीत गारा झाला. आता डोणगावात चहाच्या टपरीवर रोज कोणी ना कोणी विचारते, "भाऊ, पिकअप वावरापर्यंत न्यायला काय बदल करू?" मी दोन वर्षांपूर्वी बरेच बदल केले होते. त्यातले बहुतेक काढून टाकले. काऊन काढले, ते आज लिहितो.

आमचं वावर डांबरी रोडपासून दोन किलोमीटर आत. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर तालुक्यातूनच जातो, ७०१ किलोमीटरचा. पण माझं सोयाबीन अडकते ते या दोन किलोमीटरच्या पांदणीत. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. ओली झाली की फुगते, टायरच्या नक्षीत भरते. नक्षी भरली की नवा टायरही घासलेल्या टायरसारखा जागेवर फिरतो. त्यात पिकअपचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकाला. रिकामी गाडी मागून हलकी, म्हणून चाक पकडत नाही. चाकोरी खोल झाली अन् मागचं हौसिंग मधल्या वरंब्यावर टेकलं, की मग ट्रॅक्टर बोलवा.

मी एका गॅरेजवाल्याला म्हटलं, गाडी उंच करून दे. मागच्या पाट्यांत दोन्हीकडे दोन-दोन पाने वाढवली, शॅकल लांब टाकले, टायर मोठे घेतले, पुढे लोखंडी गार्ड बसवला. ४६ हजार गेले. गाडी मागून तीन इंच वर आली. पहिल्या पावसात पांदणीतून निघाली तेव्हा मी ऐटीत होतो, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या आधी पोरगा २० कट्टे सोयाबीन भरून मेहकरला निघाला. साधारण १२ क्विंटल माल, म्हणजे ओव्हरलोड नाही. एका उतारावर शेळ्या आडव्या आल्या, त्यांच्यामागे एक लेकरू. त्याने ब्रेक दाबला, पण गाडी थांबता थांबेना. थांबली ती लेकरापासून हातभर अंतरावर. घरी येऊन त्याने चावी माझ्यासमोर ठेवली. "बाबा, मीटरवर पन्नासच होते," एवढंच म्हणाला. त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने खाली जाऊन मागच्या एक्सलजवळचा एक दांडा दाखवला. माल भरला की गाडी मागून दबते, तो दांडा हलतो आणि त्याच्यावरचा वॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही. मी पाटे कडक केले, गाडी उंच केली. १२ क्विंटल भरूनही ती पुरती दबली नाही. वॉल्व्हला वाटलं गाडी रिकामीच आहे. सगळा भार पुढच्या ब्रेकवर.

आणि मीटर? टायरचा घेर ८ टक्के वाढला होता. मीटरवर ५० दिसत होते तेव्हा गाडी खरी ५४ ने पळत होती. वेग ८ टक्के वाढला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर १६-१७ टक्के वाढते. पोरगा खोटं बोलत नव्हता. गाडी त्याला खोटं सांगत होती, आणि तसं सांगायला मी लावलं होतं.

"वॉल्व्ह नव्याने सेट करता येईल का?" विचारलं. मिस्त्री म्हणाला, "अंदाजाने करता येईल. पण ब्रेक अंदाजावर ठेवाचा का?" मी पाने, शॅकल, टायर, गार्ड सगळं उतरवलं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ मध्ये मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. शिवाय अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर विमावाला बोट ठेवतो.

मग आता पांदणीत कसा जातो? तर असा:

१) हवा. रिकाम्या गाडीची हवा पांदणीच्या तोंडाशी ३० वर आणतो. टायर पसरतो, जास्त माती पकडतो, जमीनही कमी दबते. वेग २० च्या आत, स्टेअरिंगला झटका नाही. भरलेल्या गाडीची हवा कधीच कमी करू नका, टायर बाजूने फुटतो.

२) बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर. डांबरीवर चढण्याआधी दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिली तेवढी हवा परत भरतो. चारही चाकांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कंटाळा आला तरी भरायचीच.

३) वजन. रिकामी जाताना मागच्या एक्सलवर रेतीची चार-पाच पोती, बांधून. माल भरताना ती काढायची.

४) टायर कंपनीच्याच मापाचे, फक्त खोल नक्षीचे.

५) फावडं, दोन जाड फळ्या, टोचनाचा पट्टा. जॅकखाली फळी नसेल तर जॅकच मातीत जातो. पट्टा चेसिसच्या हुकलाच लावा, बंपरला नाही. ओढताना झटका देऊ नका, माणसं दूर ठेवा.

६) पाऊस झाला तर भरलेली गाडी नेतच नाही. कट्टे ट्रॅक्टरने रोडवर आणतो, तिथे पिकअप भरतो. वावरात तर गाडी घालतच नाही, धुऱ्यावरच थांबवतो. ओल्या जमिनीवर भरलेलं चाक फिरलं की पुढच्या पिकाची मुळं ती जागा ओळखतात.

हे सगळं मिळून ४६ हजारांच्या निम्म्यातही बसलं. तरी खरा इलाज गाडीत नाही, पांदणीत आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पांदण रस्ते योजना २०२१ मध्ये आली. आमच्या पांदणीवरच्या ११ खातेदारांनी ग्रामपंचायतीत अर्ज लिहिला आहे. नऊ सह्या झाल्या. उरलेल्या दोघांची बांधाची कुरबूर आहे, उद्या सकाळी त्यांच्याकडेच जाणार आहे.

पोरगा पुन्हा गाडी चालवतो. पण निघण्याआधी खाली वाकून तो दांडा एकदा पाहतो. तुम्हीही आपल्या गाडीखाली पाहून घ्या.