सुरी आणि नळी

शस्त्रवैद्याच्या सुरीचें भय सर्वांसच वाटतें. नळीचें कोणासच वाटत नाहीं. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली कीं आप्तमंडळी टांक्यांची चौकशी करितात, पेज केव्हां द्यावयाची याची चर्चा करितात. परंतु खाटेखालीं लोंबणाऱ्या मूत्राच्या पिशवीकडे पाहण्याचा सर्वांसच संकोच. आमच्या मतें पुष्कळ अनर्थ या संकोचाच्या आडोशानें वाढतात.

मूत्राशयांतील ही नळी, म्हणजे कॅथेटर, फ्रेडरिक फोली या अमेरिकन शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखली जाते. टोंकाशीं असलेला फुगा पाण्यानें फुगविला कीं ती निसटत नाहीं. सोय मोठी, आणि सोयीची वस्तु कोणास काढावीशी वाटते? एरव्हीं मूत्राचा प्रवाहच जंतूंना धुऊन बाहेर टाकतो. नळी बसली कीं त्यांस वाट मिळते. तिच्या अंगावर ते बुळबुळीत थर धरितात, व त्या थरांत औषधाचा प्रभाव पडत नाहीं. हे जंतू बहुधा परकेही नसतात. रोग्याच्याच आंतड्यांत निमूटपणें नांदणारे असतात. नळी असेतोंपर्यंत दर दिवशीं शंभरांतील सुमारें 3 ते 7 रोग्यांच्या मूत्रांत ते नव्यानें उतरतात. सर्वांसच बाधा होते असें नाहीं. परंतु ते रक्तांत शिरले म्हणजे प्राणावर बेततें. पॉल बीसन या अमेरिकन वैद्यानें 1958 सालींच या नळीविरुद्ध लेख लिहिला होता.

आमच्या अक्कांच्या आंतड्याची गांठ काढली तेव्हां त्यांचें वय 71 होतें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पांचव्या दिवशीं त्या आम्हांस वडिलांच्या नांवानें हाक मारूं लागल्या. ताप नव्हता, भुलीचा अंमल असेल, असें सांगण्यांत आलें. सायंकाळीं हुडहुडी भरली, रक्तदाब उतरला. एका तरुण परिचारिकेनें पिशवींतील गढूळ मूत्र दाखविलें, तेव्हां कोठें खरें कारण कळलें. नळी अद्याप कां ठेविली होती, हें कोणासच सांगतां येईना. बारा दिवसांनीं अक्का घरीं आल्या. जिना चढण्याची शक्ति मात्र परतली नाहीं.

कांहीं शस्त्रक्रियांनंतर नळी अधिक दिवस लागतेच. पण सबळ कारण नसेल तर, शक्यतों 24 तासांच्या आंत, ती काढावी असें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्यानें 2009 सालीं सांगितलें आहे. पिशवी मूत्राशयाच्या खालींच हवी. रोग्यास हलवितांना ती त्याच्या पोटावर ठेवण्याची रीत घातक.

पुढें आमच्या एका स्नेह्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीं आम्ही डॉक्टरांस विचारिलें, "आज नळीचें प्रयोजन काय?" त्यांच्या कपाळास आंठी पडली. मग त्यांनीं कागद चाळले, आणि परिचारिकेस ती काढावयास सांगितलें.