अनोळखी पिवळी रेषा

रंग पाहावयाचे तर प्रकाश आधीं फोडावयाचा, हा न्यूटनच्या लोलकापासूनचा शिरस्ता. नवी युक्ति याच्या अगदीं उलट आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान छिद्रांच्या, निरनिराळ्या घडणीच्या जाळ्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसवितात. प्रत्येक जाळी सर्वच रंग कमीअधिक प्रमाणांत पुढें सोडते, आणि त्या खिचडींतून मूळ रंगपट गणितानें निवडून काढतात. २०१९ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें चिमुकलें उपकरण करून दाखविलें. लोलकाची मौज गेली, ही हळहळ बाजूस ठेवूं. कौतुक वाटल्याखेरीज राहत नाहीं.

परंतु मोजमापें थोडीं आणि अज्ञातें पुष्कळ, म्हणजे गणितास 'रंगपट बहुधा असा असतो' या गृहीताचा टेकू घ्यावा लागतो. येथें आमचें मन अडखळतें. १८६८ सालीं सूर्याच्या ज्वाळांच्या रंगपटांत एक पिवळी रेषा आढळली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. तिच्यावरून लॉकयरनें ज्याची कल्पना केली, तें हेलियम पृथ्वीवर रॅम्सेस सांपडलें १८९५ सालीं. परिचित रंगपटांवरच पोसलेल्या गणितानें ती रेषा जपली असती, कीं दोष समजून पुसून टाकली असती? जाळी आणि गणित आतां एकत्रच आंखूं लागलेल्या संशोधकांस आमचें एवढेंच विचारणें आहे.