चंपाषष्ठीचा फोटो

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गुंड्याचा फोटो काढायचा, हे मी आणि लेकीने आठवडाभर आधीच ठरवलं होतं. दारात रांगोळी, वर लाल आकाशकंदील, बाजूला तिने केलेला मातीचा किल्ला आणि मधे झेंडूची माळ घालून बसलेला आमचा काळा गावठी कुत्रा. साडेसहाला सगळं मांडून झालं. पावणेसातला समोरच्या बिल्डिंगखाली पहिली लड लागली आणि गुंड्या माळ तोडून बाथरूममध्ये पळाला, बादलीमागे जाऊन बसला.

आम्ही राहतो ते चऱ्होली 1997 साली महापालिकेत आलं, तेव्हा आमच्या या पट्ट्यात शेतंच होती, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत. एकीकडे फुटलेला फटाका भिंतीभिंतींवर आपटत फिरतो. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंतचा. आपल्या कानांना पत्ताही लागत नाही अशा शिट्ट्या त्याला ऐकाव्या लागतात. बादलीमागे त्याचा एक फोटो मी काढला खरा, फ्लॅश टाकून. डोळ्यांच्या जागी दोन हिरवट चकत्या आल्या. लगेच पुसून टाकला. त्याच्या भीतीचा फोटो मला घरात नको होता.

रात्री उशिरा आई त्याच्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "काल गेटवर किती शहाण्यासारखा बसला होता गं." आदल्या दिवशी, नरकचतुर्दशीला, आमच्या नेपाळी वॉचमनदादांनी त्याला टिळा लावून हार घातला होता. त्यांच्या तिहार सणात तो दिवस कुत्र्यांचा, कुकुर तिहार. मग आईच म्हणाल्या, "आपल्याकडेही आहे की त्याचा दिवस. चंपाषष्ठीला काढू फोटो."

आईंचं माहेर खेड तालुक्यातलं, निमगाव दावडीच्या खंडोबाच्या जवळचं. खंडोबा घोड्यावर, आणि घोड्याबरोबर कुत्रा. त्याच्याशिवाय देवाचं चित्र पुरं होत नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, तळी भरतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्याला जातो. लग्नानंतर इतकी वर्षं मी हे सगळं करत आले होते. गच्चीवर वाटा ठेवायचा आणि खाली यायचं, एवढंच. घरातल्या कुत्र्याचं त्या दिवसाशी काही नातं आहे, हे मनात आलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला आईंना सांगावी लागली, आणि सांगताना जीव वरखाली होत होता. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं, कांदा, लसूण त्या दिवशी सुटतं, त्यामुळे भरतात कांदा-लसूण सढळ हाताने पडतात. कुत्र्याला मात्र ही दोन्ही विषच. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग भाजलेल्या वांग्याचा गर फोडणीआधीच द्रोणात काढला, मीठ-मिरचीही नाही, त्यावर बाजरीच्या रोडग्याचा तुकडा कुस्करून ठेवला. म्हणाल्या, "देवाच्या कुत्र्याला दुखवून कसला नैवेद्य?"

फोटोसाठी या वेळी काहीच मांडलं नाही. सकाळी दहाला खिडकीतून तिरपं ऊन येतं तिथे गुंड्याचं पोतं कायम असतं. तो त्यावरच बसला. मी फरशीवर पालथी झोपले, कोपरं टेकली, फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरला. काळ्या कुत्र्यावर फोकस केला की फोन सगळंच उजळवतो, केस राखाडी दिसतात आणि खिडकी पांढरीफट्ट होते. म्हणून चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला. डोळ्यांत जाईल म्हणून भंडारा उधळला नाही, बोटाने कपाळावर लावला तेवढाच. कुत्र्यांना पिवळा आणि निळा रंग नीट दिसतो, लाल-हिरवा नाही. दिवाळीचा तो लाल कंदील त्याला मळकाच दिसला असणार. ताम्हणातला भंडारा मात्र त्याला पिवळाच दिसत होता, याचा मला फार आनंद झाला.

चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला नवरा, त्याचा भाऊ आणि शेजारचे तिघं, अशा पाच जणांनी तळी उचलली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" माझ्या छातीत धस्स झालं, आता हा उठून पळणार. गुंड्याचे दोन्ही कान ताठ झाले. त्याने आवाजांकडे पाहिलं, एकेक चेहरा पाहिला, शेपटी पोत्यावर दोनदा आपटली आणि तो बसून राहिला. तो क्षण फोटोत आहे. शेपटी तेवढी पुसट आली आहे.

मग त्याने द्रोण चाटूनपुसून साफ केला. ओलं फडकं घेऊन मी कपाळ पुसायला गेले, तर आई म्हणाल्या, "राहू दे गं आजच्या दिवस." राहू दिलं. संध्याकाळी सोफ्याच्या कव्हरवर, तो नेहमी डोकं टेकतो त्या कोपऱ्यात, पिवळा डाग पडला होता.