पोळ्याच्या आत परत

इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम
८ मार्च २०२६

चि. छोटी,



"बर्लिनला कधी येता ते एकदाचं ठरवा" असं तू तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा आवाजात जरा धार होती. फोनवर मी हो-हो करतो आणि तुझी आई मध्येच फोन ओढून घेते, त्यामुळे धड काही बोलणं होत नाही. म्हणून कागदावर लिहून, फोटो काढून पाठवतोय. शांतपणे वाच आणि जावईबापूंनाही वाचून दाखव.

तू मे-जून म्हणतेस, इथल्या उन्हातून आमची सुटका व्हावी म्हणून. जावईबापू डिसेंबर म्हणतात, नाताळचे बाजार बघायला. दोन्ही जमायचं नाही. जूनमध्ये पेरणी सोडून विमानात बसलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. डिसेंबरात तूर उभी असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि तिथल्या बर्फात तुझ्या आईचे गुडघे माझ्याशी जन्मभराचं भांडण काढतील. उरला ऑगस्टचा शेवट. सोयाबीनच्या डवरण्या, निंदण आणि फवारण्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत आटोपतात. मग शेंगा भरेपर्यंत वावरात जाऊन नुसतं बघायचं काम असतं, आणि ते तुझा काका माझ्यापेक्षा चांगलं करतो. चक्रीभुंगा दिसला की तो मला न विचारता फवारणी करेल, याची खात्री आहे. सोंगणी सप्टेंबरच्या अखेरीस.

दुसरं म्हणजे यंदा पंचांग आपल्या बाजूने आहे. ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. त्यामुळे सगळे सण पुढे सरकले. गेल्या वर्षी पोळा २२ ऑगस्टला होता, यंदा तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला आणि गणपती १४ सप्टेंबरला. बाळ्याला शाळेत बसवण्याचा समारंभ २९ ऑगस्टच्या शनिवारी आहे असं तू कळवलंस. गेल्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे पोळा की नातू असा प्रश्न पडला असता आणि मी काय उत्तर दिलं असतं ते मला सांगवत नाही. यंदा दोन्ही साधतं. १५ ऑगस्टचं झेंडावंदन शाळेत करायचं (निवृत्त मास्तर गैरहजर राहिला तर पोरं विचारतात), त्यानंतर दोन-तीन दिवसांत निघायचं आणि पोळ्याच्या आत घरी. खांदशेकणीला मी गोठ्यात हजर पाहिजे. यात बदल होणार नाही.

म्हणजे मुक्काम तीनेक आठवड्यांचा. तू म्हणशील, नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो तर तीन आठवडेच का? तर तुझ्या आईचंच ऐक: "घराले कुलूप लावून तीन मयने कोणी जाते का? म्हशीले कोण पाहीन?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता कागदपत्रांचं. इथे मला जरा मजा येतेय, कारण मास्तरकीत अर्धं आयुष्य कागद भरण्यातच गेलं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो, म्हणजे आपल्याला तो आत्ताच खुला झालाय. फी माणशी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट दोघांचेही दहा वर्षांच्या आतले आहेत, मुदतही भरपूर आहे, कोरी पानं तर सगळीच. माझं पेन्शनचं कागदपत्र आणि बँकेचा उतारा तयार ठेवलाय.

गंमत पुढे आहे. परत येणार याचा पुरावा मागतात. मी सातबारा काढून आणला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करायला बसलो. "पीक पेरा" सोपं होतं. पण इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांच्या काळातली एक विहीर आहे, ती पाच भावांत सामाईक. मुंबईतल्या जर्मन वकिलातीतल्या माणसाला ही विहीर कशी समजवायची? शेवटी सरळ लिहिलं की विहिरीत अर्जदाराचा पाचवा हिस्सा आहे. खरं तर त्या माणसाला एकच विचारावंसं वाटतं, पोळ्याला परगावी राहिलेला शेतकरी तुम्ही कधी पाहिलाय का? पण असल्या पुराव्याला रकाना नसतो.

विमानतळावर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात म्हणे. गेल्या ऑक्टोबरच्या १२ तारखेपासून ती पद्धत सुरू झालीय आणि येत्या १० एप्रिलपासून त्यांच्या सगळ्या सीमांवर लागू होणार आहे. तुझ्या आईच्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाहीत, हे तुला माहीत आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, त्या रांगेत आम्हाला वेळ लागला तर बाहेर घाबरून जाऊ नकोस.

प्रवासाचा मार्ग मी असा धरलाय. नागपूरच्या फंदात पडायचं नाही. समृद्धी महामार्ग गेल्या वर्षी ५ जूनला पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, नागपूर ते थेट मुंबईच्या वेशीवर. कारंज्याला चढायचं आणि एका दमात मुंबई. गाडी चालवायला तुझा चुलतभाऊ तयार आहे, मी फक्त त्याला दर दोन तासांनी थांबायची शपथ घातलीय, त्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो. मुंबईहून पुढे फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलून बर्लिन. बदलायला किमान तीन तास मिळतील असं तिकीट बघ. आम्हाला पाट्या वाचायला वेळ लागतो आणि तुझ्या आईला दर पाटीपाशी मला विचारायचं असतं.

तुमचं नवं विमानतळ ठरल्यापेक्षा नऊ वर्षं उशिरा, ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, हे वाचलं आणि जर्मन माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे बंद पडली आणि ब्रॉडगेजची वाट पाहण्यात आपलं कारंजं म्हातारं झालं. आता बर्लिनमधल्या कुणासमोर खाली मान घालायचं कारण नाही.

सामानाबद्दल वाईट बातमी. तूप येणार नाही. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीच नेऊ देत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे सगळं बाद. ताजी फळं, भाज्या आणि बियाणंही कृषी खात्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. पाच फळांना तेवढी सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हे ऐकून तुझी आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "नारळ चालते ना? मंग ओटी तं भरता येते." सांडगे, मुगवड्या, कुरड्या, ज्वारीचे पापड आणि हळद एवढं बांधतोय. बाळ्यासाठी सुताराकडून चाकांचा लाकडी बैल करून घेतलाय, तान्ह्या पोळ्याचा. तो तिथे पोळ्याआधीच ओढेल, हरकत नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिथली पोरं स्वतःएवढा रंगीत कागदी कोन हातात धरून उभी राहतात, त्यात खाऊ, पेन्सिली, खेळणी असतात, असं तू फोटोत दाखवलंस. मला ही पद्धत फार आवडली. पहिलीच्या वर्गात मी पस्तीसेक वर्षं रडणारी पोरं आईच्या पदरापासून सोडवली. कुणी मला असा कोन दिला असता तर निम्मं काम झालं असतं. त्यात आमच्याकडून चिक्की आणि आवळासुपारी घालायची, हे आत्ताच कबूल कर.

आता काय बघायचं. जावईबापूंनी पाठवलेली यादी वाचली. प्राग, पॅरिस, स्वित्झर्लंडची गाडी. त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे, पण नको. कारंज्याचे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ सहल कंपनीबरोबर युरोप करून आले. आठवतं काय विचारलं तर बस, सकाळी सहाला बाहेर ठेवायच्या बॅगा आणि कुठल्या गावी पुलाव बरा होता ते. आम्ही एकच शहर बघणार, आणि तेही तुमच्या रोजच्या दिवसाच्या कडेकडेने. आमच्यासाठी रजा घेऊ नकोस. गव्हाच्या पोळ्या तुझी आई करेल, बाळ्याला शाळेतून मी आणीन.

तरी तीन गोष्टी माझ्या आहेत.

पहिली डालेमला, ईनेश्ट्रासं २२. भुयारी गाडीचं 'फ्राये उनिव्हर्सिटेट' स्टेशन जवळ आहे. मानवशास्त्राची जी संस्था १९२७ साली या इमारतीत सुरू झाली, तिथे इरावती कर्वे शिकल्या आणि १९३० साली डॉक्टर झाल्या. त्या काळी लग्न झालेल्या मराठी बाईने बोटीने जर्मनीला जाणं सासरे महर्षी कर्व्यांनाही पसंत नव्हतं. नवरा दिनकरराव मात्र पाठीशी, आणि पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ. संस्थेचे प्रमुख ऑयगन फिशर. गोऱ्या माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते आणि त्यातच त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दडलंय, अशा धर्तीचं त्यांचं गृहीतक इरावतीबाईंना तपासायला दिलं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध सापडत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूचं म्हणणं खोडलं. पुढे नाझी आले, त्याच संस्थेने त्यांच्या वंशवेडाला शास्त्राचा झगा चढवला. २०१४ साली त्या परिसरात खोदकाम करताना माणसांची हाडं निघाली. नंतरच्या उत्खननांत तुकड्यांची संख्या सोळा हजारांवर गेली, आणि मार्च २०२३ मध्ये डालेमच्याच दफनभूमीत ती सन्मानाने पुरली. 'युगान्त' आणि 'परिपूर्ती' मी कितीदा वाचली असतील, पण बाईंची ही हिंमत मला अलीकडे कळली. मी दहा मिनिटं त्या दारासमोर उभा राहीन, बस्स. आत जायला मिळालं नाही तरी चालेल.

दुसरी, टेम्पलहोफचं मैदान. जुनं विमानतळ २००८ साली बंद झालं, तीनशे हेक्टरांच्या वर जमीन शहराच्या पोटात मोकळी झाली. सरकारला कडेने घरं बांधायची होती. लोकांनी २०१४ साली सार्वमत घेऊन सांगितलं, एक वीट लावायची नाही. तिथे आता लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. एवढी पांढरी मोकळी ठेवायला केवढी छाती लागते ते जमीन कसणाऱ्यालाच कळेल. अर्थात भाड्याने घर शोधताना तुमची झालेली दमछाक आठवली की दुसरी बाजूही पटते. तिथे चालत चालत जावईबापूंशी यावर वाद घालीन म्हणतो.

तिसरी तुमच्या घरामागच्या बागा. बर्लिनमध्ये अशा बागांचे सत्तर हजारांच्या आसपास तुकडे आहेत म्हणतात. निदान तिसरा हिस्सा फळं-भाजीपाल्याला, झोपडी चोवीस चौरस मीटरपेक्षा मोठी नाही आणि तीत कायमचं राहायचं नाही, असा कायदा. ऑगस्टअखेर तिथे टोमॅटो, सफरचंदं आणि आलुबुखार उतरतात. शेजारच्या आजोबांना विचारून ठेव, मला एक दिवस निंदायला देतील का. भाषेची अडचण नाही, तण सगळीकडे तणच.

राजवाडे आणि संग्रहालयं तुझ्या सवडीने. पेर्गामॉन २०२३ पासून बंद आहे, तेव्हा त्याच्या नावाने हळहळ नको. संसदेच्या काचेच्या घुमटावर फुकट जाता येतं, पण नाव आधी नोंदवावं लागतं, ते तू करून टाक. आणि गाडीच्या पासाचा हिशोब मी केलाय: महिन्याचा ६३ युरोंचा पास पहिल्या तारखेपासून धरतात, आमचे दिवस दोन महिन्यांत फाटतात, म्हणजे माणशी १२६. आठवड्याचा शहरापुरता पास त्यापेक्षा स्वस्त पडतो का ते बघ. दंड मात्र ६० युरो आहे, तेव्हा काटकसर तिकिटापर्यंत आणायची नाही.

थंडीचं तुझ्या आईने मनात घेतलंय. मी समजावलं, ऑगस्टात तिथे दिवसा चोवीस-पंचवीस अंश असतं, सप्टेंबरात रात्री दहा-बारापर्यंत उतरतं, आपल्या डिसेंबरासारखं. तरी दोन शाली आणि माझी कानटोपी बॅगेत गेलीच. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या बरोबर घेतो, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतलीय.

आता तुझं काम. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाचं हमीपत्र तुला करावं लागेल. त्याची फी २९ युरो, आणि भेटीची वेळ मिळायला आठवडे जातात असं तूच म्हणाली होतीस. तेव्हा आजच नोंदणी कर. मूळ प्रत कुरिअरने पाठव, स्कॅन चालत नाही. बाळ्याच्या शाळेचं पत्र मिळालं तर तेही जोड. हे सगळं एप्रिलअखेर हातात पडलं तर मे महिन्यात मुंबईला जाऊन अर्ज देतो. जूनमध्ये पाऊस लागला की मला तिफणीमागून कोणी हलवू शकणार नाही.

तुझे,
बाबा