लंडी खानाच्या अलीकडे

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी गेले. आणखी तीन दिवसांनी त्या रात्रीला ५३ वर्षे होणार होती, ज्या रात्री रावळपिंडीच्या कैदेतून तीन भारतीय वैमानिक भिंत फोडून बाहेर पडले. त्या धाडसाचे नेतृत्व या मराठी माणसाचे होते.

ते हवाई दलात आले १९६३ साली. १९६५च्या युद्धात जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांच्या उजव्या खांद्याला दुखापत झाली. विमान सोडून उडी घे, असा सल्ला मिळूनही त्यांनी ते जखमी विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले. आपण कधी शत्रूच्या हाती सापडलो तर पळून येणार, हे ते पुढे सहकाऱ्यांना सांगत असत. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाकिस्तानात पाडले गेले आणि शब्द पाळायची वेळ आली.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी कैदेत होते. युद्ध संपले होते. जुलै १९७२मध्ये शिमला करारही झाला. आज ना उद्या सुटका होईल, मग जीव धोक्यात कशाला घालायचा, असे म्हणणे चुकीचे नव्हते. छावणीतही त्यावर मतभेद होते. पण तारीख कोणीच सांगत नव्हते. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहत बसणे परुळकरांना मान्य नव्हते. त्यांच्या साऱ्या आयुष्यात मला हेच सर्वांत मोठे वाटते.

सोबत आले मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. युद्धकैदी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले. शाळकरी नकाशासंग्रहावरून वाट ठरवली, सुयांना चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी काढून घेतल्या. पहाऱ्यावरच्या शिपायाची चाहूल घेत रात्री-रात्री भिंतीच्या विटांमधला चुना खरवडला. सोडवलेल्या विटा दिवसा पुन्हा जागेवर बसवलेल्या असत. बाहेरचा गिलावा तेवढा शेवटपर्यंत राखला होता. जे जाणार नव्हते, तेही या कामात मदत करत होते. आपल्यामागे त्यांच्यावर काय बेतेल, याची सगळ्यांनाच कल्पना होती.

१२-१३ ऑगस्टच्या रात्री वादळ सुटले होते. तिघे भोकातून बाहेर आले आणि शेवटचा खेळ सुटून घरी निघालेल्या सिनेमाच्या गर्दीत मिसळले. बसने पेशावर, पुढे जमरूद आणि सकाळी लंडी कोटल. अफगाणिस्तानची सीमा आता हाकेच्या अंतरावर होती. नकाशावर पुढचे रेल्वे स्थानक होते लंडी खाना. त्यांनी तिथली वाट विचारली. पण तिथवर जाणारी गाडी १९३२मध्येच बंद झाली होती. नसलेल्या स्थानकाचा पत्ता विचारणारे हे परके कोण, असा संशय एका सरकारी कारकुनाला आला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत, ही त्यांची बतावणी टिकेना. सरहद्दीच्या त्या टापूत अशा अनोळखी माणसांना हेर समजून ठार मारले जाण्याची भीती खरी होती. त्या क्षणी परुळकरांनी जे केले, त्याला माझ्या दृष्टीने भिंत फोडण्याहून अधिक धैर्य लागते. त्यांनी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावण्याचा आग्रह धरला. उस्मान पूर्वी याच छावणीचे प्रमुख होते. कैद्यांशी माणुसकीने वागलेले. आता ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे ए.डी.सी. होते. ही आपलीच माणसे आहेत, त्यांना सुरक्षित ठेवा, असे उस्मान यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना कळवले आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रुपक्षातला कोणता माणूस शब्दाला जागेल, हे परुळकरांनी कैदेत राहून अचूक ओळखले होते. आणि उस्मान हमीद यांचे नाव आपणही कृतज्ञतेने घेतले पाहिजे.

पुढे सर्व कैद्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले. या पलायनासाठी परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. फेथ जॉन्स्टन या लेखिकेने इंग्रजीत या पलायनावर पुस्तक लिहिले, चित्रपटही निघाला. तरी मराठी घरांत हे नाव जितके परिचयाचे असायला हवे तितके नाही, याची खंत वाटते.

१९६५ आणि १९७१ची युद्धे लढलेले अधिकारी आणि जवान आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांतले अनेक पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात, आपल्याच गल्लीत राहतात. त्यांच्याकडे जा, त्यांना बोलते करा आणि ते सांगतील ते मराठीत लिहून ठेवा. परुळकरांच्या बाबतीत ती संधी आता गेली आहे.