तेरेखोलचा बेत
तेरेखोलला एका दिवसात जाऊन यावे, असा बेत आम्ही बेळगावी आखला तो नव्वदी ओलांडलेल्या काकांसाठी. किल्ला नदीमुखाशी, उत्तर तीरावर. भूमी गोव्याची, पाठीशी मात्र महाराष्ट्र. घरातील पोरांना केरीहून फेरीबोटीने जावयाचे होते, आणि समुद्राकडून तटाचे दर्शन खरोखरच देखणे!

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी ह्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढल्या वर्षी काका निघाले, ते हद्दीवरच मार खाऊन परतले. ते म्हणाले, “फेरीबोट नको. अडवले त्याच वाटेने, आरोंद्याहून ने.”

आंबोली, सावंतवाडी, आरोंदा असे ठरले. चढणीचे काय, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. दशम्या बांधल्या, काकांनी टोपी आदल्या रात्रीच धुऊन वाळत घातली.